ती बसली की बंद पडणारी फाईल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. आमचं घर बौद्ध. वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. लहानपणी कुणी हडळीचं नाव काढलं की वडील हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, आधी बघून ये, मग बोल. अशा घरात वाढलेली बाई मी. म्हणून सीतापुऱ्यातल्या आमच्या रजयांच्या कारखान्यात त्या उन्हाळ्यात जे झालं ते सांगताना मला आधी माझाच राग येतो. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या ऑफिसात माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो काही एकदाच नाही.

परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघायची, हे माझं तिथलं काम. पण एक्सेलमधल्या मला चार गोष्टी जास्त येतात, त्यामुळे कुणाचं काहीही अडलं की मलाच हाक. डोक्याला ताप असतो, पण आवडतोही, खोटं कशाला बोलू. शेजारच्या पॅकिंग विभागात लेबलांची एक फाईल होती. कुठल्या रजया कुठल्या खोक्यात जाणार ते तिच्यात भरायचं आणि एक हिरवं बटण दाबायचं. मग फाईलच्या आत लिहून ठेवलेला प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो, आपोआप सगळी लेबलं तयार करून प्रिंटरला पाठवायचा. हा मॅक्रो पॅकिंगच्या इनचार्जनेच लिहिला होता. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकलेला माणूस. आत डोकावलं तर नुसता गुंता, पण चालायचा. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं मीही म्हणायचे.

हा इनचार्ज हिवाळ्यात गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. काही दुखणं नाही, खुपणं नाही. कारखान्याचे मालक, आम्ही सगळे त्यांना सेठजी म्हणतो, त्याच्याच गावचे. त्यांनी त्याच्या बायकोला त्याच्या खुर्चीवर घेतलं. रेल्वेत याला अनुकंपा म्हणतात आणि त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं फेऱ्या मारतात. इथे सेठजींनी एका वाक्यात करून टाकलं, त्याबद्दल मी त्यांना मानते.

ती बाई माझ्याहून लहान. लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, पण नंतर चूल आणि मूल. डोक्यावरचा पदर ऑफिसातही खाली यायचा नाही. बोलणं कमी, काम नीटनेटकं. तिची मुलगी शहरातल्या शाळेत होती आणि त्या दोघी वैशाली नगरच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहत. ही खोली आणि ती शाळा दोन्ही या नोकरीवर टिकून होत्या. नोकरी गेली की दीर येऊन गावी नेणार, हे ठरलेलं. गावी म्हणजे घरातला एक कोपरा, तिथे बसायचं, आणि मुलीचं आठवीनंतर लग्नाचं बघायचं. हे तिने मला रडतबिडत सांगितलं नव्हतं. डबा खाताना, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं होतं.

आणि नेमकी ती बसली की फाईल बंद पडायची.

पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी तिच्या मागे उभी राहिले. तिने बटण दाबलं. क्षणभर काही नाही. मग पडद्यावरचा तक्ता आपोआप वर सरकू लागला. कामाच्या ओळी वर निघून गेल्या आणि खालून रिकाम्या ओळी येत राहिल्या. नुसत्या पांढऱ्या. कोणी तरी एकेका ओळीत डोकावून पुढे जातंय, असं ते दिसत होतं. डावीकडचे आकडे वाढत वाढत एवढे मोठे झाले की वाचता येईनात. मग पडदा फिका पडला, माउस हलेना, आणि एक्सेल मेलं. ती दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, कॉम्प्युटर जुना झालाय, काळजी करू नको. मग मी त्याच खुर्चीत बसून तेच बटण दाबलं. लेबलं फटाफट बाहेर आली.

कावळा बसायला अन् फांदी तुटायला, म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ती रजेवर असली की फाईल कुणाच्याही हाताखाली गुमान चालायची. ती आली की रिकाम्या ओळी पळायला लागायच्या.

मी हट्टाला पेटले. डेटा तपासला, प्रिंटर बदलून पाहिला, एक्सेल काढून पुन्हा टाकलं, जुन्या फाईलमधला मॅक्रो नव्या फाईलमध्ये नेऊन पाहिला. प्रत्येक वेळी मी स्वतः चालवून बघायचे आणि ते चालायचं. मग तिला बसवायचे आणि ते मरायचं. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं माझं.

शेवटी मी तिला माझ्या टेबलावर घेऊन आले. माझा कॉम्प्युटर, माझी खुर्ची. आधी मी बटण दाबलं, व्यवस्थित चाललं. मग तिला म्हटलं, आता तू. आजूबाजूच्या चार जणी मान वळवून बघत होत्या. तिने दाबलं, आणि माझ्या पडद्यावर त्या पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. बाहेर गरम लू वाहत होती, वरचा पत्रा तापून टकटक वाजत होता. मी हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट होती. त्या बाईचा कॉम्प्युटर अजून नवऱ्याच्याच नावावर चालू होता. बदलायचं कुणाच्या जिवावर आलं होतं, माझ्यासुद्धा. आणि ही लेबलांची फाईल सगळ्यांच्या वापराची, कुणाच्याही कॉम्प्युटरवरून उघडता यायची. तिच्याकडे एक्सेल मेलं की फाईल तशीच अडकून राहायची. मग दुसरं कुणी ती उघडायला गेलं की निरोप यायचा, ही फाईल सध्या अमुक यांनी उघडलेली आहे. अमुक म्हणजे तो. पूर्ण नाव, आडनावासकट. असं का होतं हे मला ठाऊक होतं आणि मी ते सगळ्यांना समजावलंही. सगळ्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून अगदी अडल्याशिवाय त्या फाईलला हात लावायचं बंद केलं, आणि निरोप आला की जागेवरूनच ओरडून सांगायला लागले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ती फाईल उघडली. ती बाई माझ्यासमोर डबा खात होती. तिचा कॉम्प्युटर मी स्वतः बंद केला होता, इथून त्याचा काळा पडदा दिसत होता. तरी तोच निरोप, त्याचं नाव, फाईल त्यांच्याकडे आहे. फाईल मोकळी झाली की कळवू का, असं एक्सेल विचारतं. मी सवयीने हो म्हटलं आणि पोळीचा तुकडा तोडला. ती हात धुवायला उठली. नळाचा आवाज आला, आणि माझ्या पडद्यावर दुसरा निरोप उमटला, आता फाईल मोकळी आहे. म्हणजे त्याने ती आत्ता बंद केली. सर्व्हरने उशिरा सोडली असणार, दुसरं काय! हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तो तुकडा मी परत डब्यात ठेवला.

कारखान्यात बोलणं सुरू झालं होतं. आपल्याकडे पांढऱ्या पायाची म्हणतात, इथे मनहूस म्हणतात. तो तिला त्या खुर्चीवर बसू देत नाही, असं शिलाईच्या बायका म्हणायच्या. कुणी म्हणायचं, तो तिला न्यायला येतो. धागे कापणाऱ्या बायकांनी तिच्यासोबत पाणी भरायला जायचं सोडलं. मी दोघी-तिघींना झापलं. मग त्या माझ्याशीही जरा जपूनच बोलायला लागल्या.

सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण घाबरलेला होता. शनिवारी मोठा माल निघणार होता. ते म्हणाले, शनिवारची लेबलं तिला माझ्यासमोर काढू दे. निघाली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून तिने येऊ नये, त्याच्या आत्म्याला त्रास होतोय. मी म्हटलं, तिला दुसऱ्या विभागात घ्या. ते म्हणाले, घेतलं असतं, पण बायका तिला शेजारी बसवून घ्यायला तयार नाहीत. हे खरंच होतं. बाहेर येऊन मी तिला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, मुलीची परीक्षा होईपर्यंत खोली ठेवता येईल का. मला इतका संताप आला, तिचा, सेठजींचा, त्या मेलेल्या माणसाचा आणि त्याच्या त्या गबाळ्या मॅक्रोचा, की मी सरळ जाऊन पाणीच प्यायले.

त्याच आठवड्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. आम्ही तिलक नगरला राहतो, दवाखाना जवळच. मी स्कूटर लावेपर्यंत आई खिडकीशी पोचली होती. आतल्या मुलीने तिला नवऱ्याचं नाव विचारलं. आई तिच्याकडे बघत राहिली. मुलीने पुन्हा विचारलं. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. वडील जाऊन किती तरी वर्षं झाली. शिकलेली बाई, विहारात भाषणं करते, पण नवऱ्याचं नाव ओठावर आणत नाही. मागे रांग खोळंबलेली. मी वैतागून म्हटलं, आई, मतलब नाव सांगायला काय होतं तुला? तर म्हणाली, तू आहेस ना सांगायला.

मी नाव सांगितलं. आई बाकावर जाऊन बसली, मी तिच्या शेजारी बसले, आणि बसल्या बसल्या मला लेबलांच्या फाईलमधली ती छोटी खिडकी आठवली.

हिरवं बटण दाबलं की मॅक्रो आधी एक लहानशी खिडकी उघडायचा. लेबल कौन बना रहा है, एवढाच प्रश्न, आणि खाली उत्तर आधीच भरलेलं. त्याचंच नाव. स्वतःचं नाव प्रत्येक लेबलावर बारीक अक्षरात छापायची त्याला हौस होती. सगळेजण न बघता एंटर मारायचे. मीही. इतक्या वेळा मारलं होतं की ती खिडकी मला दिसेनाशीच झाली होती. घरी पोचल्यावर मी लॅपटॉप उघडून मॅक्रो पुन्हा वाचला. तो त्या खिडकीतलं नाव घ्यायचा आणि ऑफिसातल्या माणसांच्या रकान्यात एकेक ओळ उतरत ते नाव शोधायचा. सापडलं की थांब, असं लिहिलं होतं. नाही सापडलं तर काय, हे लिहायचं राहून गेलं होतं. बिचाऱ्याला ते कधी सुचलंच नसेल, स्वतःचं नाव सापडणार नाही असं कुणाला वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बटण दाबायला सांगितलं आणि पडद्याकडे बघायच्या ऐवजी तिच्या हातांकडे पाहिलं. बटण. खिडकी उघडली. एंटरच्या आधी तिच्या अंगठ्याने अलगद स्पेसबार दाबला. निळ्या पट्टीतलं नाव एका झटक्यात पुसलं गेलं, तिथे रिकामी जागा राहिली. मग एंटर. आणि मॅक्रो खाली निघाला, नाव नसलेल्या माणसाला शोधत, ओळीमागून ओळ, जिथे कुणीच नव्हतं तिथपर्यंत.

मी तिला कॅन्टीनच्या मागे घेऊन गेले. का पुसतेस, विचारलं. तिला आधी कळेचना मी काय विचारतेय. मग म्हणाली, आमच्यात नाव घेत नाहीत. तोंडाने नाही, तसं हातानेही नाही. एंटर मारलं की ते नाव आपण आपल्या हाताने पाठवल्यासारखंच झालं ना. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. माझी जीभ आवरली नाही. मी म्हटलं, आता आणखी काय कमी व्हायचंय? ती म्हणाली, ते मला कळतं, पण अंगठा ऐकत नाही. फाईल त्यामुळे बंद पडते हे तिच्या गावीही नव्हतं. तिलाही इतरांसारखंच वाटत होतं, की तोच अडवतोय.

मी म्हटलं, सोपं आहे, ती खिडकीच काढून टाकते. तिने माझा हात धरला. इतके महिने एकत्र डबा खाल्ला, पण तोवर ती मला कधी शिवली नव्हती. म्हणाली, ती राहू द्या. आणि का, ते काही सांगितलं नाही.

मग मी खिडकी ठेवली आणि मॅक्रोमध्ये दोन ओळी वाढवल्या. खिडकीतून रिकामी जागा आली तर तोच आहे असं समजायचं. आयुष्यात एवढे प्रोग्राम दुरुस्त केले, पण नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईचं म्हणणं यंत्राला शिकवायची वेळ पहिल्यांदाच आली. ते लिहिताना मला हसू आलं आणि मग भरून आलं. सेठजींना मी फाईलला व्हायरस होता म्हणून सांगितलं. खरं कारण सांगितलं असतं तर दुपारच्या चहाला अख्ख्या कारखान्याने तिला हसून घेतलं असतं. सेठजींनी तरीही दाराशी नारळ फोडला. फोडा म्हटलं.

शनिवारी सेठजी, मी आणि उंबऱ्यात दाटीवाटीने उभ्या शिलाईच्या बायका. वारा पडला होता, बाहेर धुळीने सगळं पिवळं दिसत होतं. दोन ओळींचं काम, मी दहादा तपासलेलं, तरी सकाळी येऊन पुन्हा एकदा तपासलं होतं. तिने पदर सारखा केला. बटण. खिडकी. अंगठा. एंटर. पडदा तसाच राहिला. एकही ओळ सरकली नाही. क्षणभर मला वाटलं, गेलं, आणि मग प्रिंटर घरघरला आणि पहिलं लेबल बाहेर आलं. मग दुसरं. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात त्याचं नाव. सेठजींनी डोळे मिटून हात जोडले आणि तिला म्हणाले, बेटी, सोमवारी वेळेवर ये. बायका पांगल्या. एक जण जाता जाता तिच्या खांद्याला हात लावून गेली.

माझा आनंद पोटात मावत नव्हता. मी तिला सगळं समजावायला लागले. आता अडकणार नाही, फाईल दर वेळी नीट बंद होईल, दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर तो भलता निरोपही येणार नाही. ती ऐकत होती. मग तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "मैडमजी, तो अब ये नहीं आएँगे?"

तो कधी आलाच नव्हता, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण माझ्या लक्षात आलं की या कारखान्यात सगळ्यांनी भीतीने ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्या निरोपाकडे ही बाई रोज कान लावून बसली होती. फाईल त्यांच्याकडे आहे, असं कुणी ओरडून सांगितलं की तिच्यापुरता तो ऑफिसात असायचा.

"नाही," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून, पण तिला कळलं.

एवढ्या महिन्यांत तिच्याबद्दल काय काय बोलले लोक, ती कधी रडली नव्हती. आता तिने कीबोर्ड बाजूला सारला, टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. कुणी आजच गेल्याची बातमी यावी तसं. मी एक हात तिच्या पाठीवर ठेवला. लेबलं निघत होती आणि ट्रे भरून खाली पडत होती, म्हणून दुसऱ्या हाताने मी ती गोळा करत राहिले.